अम्मीच्या टाळ्या

दुबईतल्या करामा वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या, एक किचन आणि या सगळ्यांना जोडणारा एक लांबट बोळ होता. बोळात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. एका बाजूला चपलांचं रॅक, त्यावर अब्बांच्या चाव्या आणि अत्तराची कुपी. दुसऱ्या टोकाला तांदळाची गोणी आणि तिच्यावर घडी घातलेल्या चादरी. या बोळात मी अमेरिकन फुटबॉलमधला बचाव शिकलो, आणि तो मला माझ्या अम्मीने शिकवला, जिने तो खेळ तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलादेखील नव्हता. मी काम करतो त्या फुटबॉल क्लबमधल्या नव्या कोचेसना मी हे सांगतो तेव्हा ते सभ्यपणे हसतात आणि विषय बदलतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. माझी मुलगी म्हणते, "डॅड, यू आर नॉट ईव्हन फेमस." खरं आहे. पण प्रसिद्ध माणसांच्या आया काही वेगळ्या भाकऱ्या थापत नाहीत.

अब्बा खाडीवरच्या एका कंपनीत होते. जहाजांना लागणारा माल पुरवायचा, कांद्यांपासून दोरखंडांपर्यंत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मराठी, हिंदी, अरबी सगळं एका पोत्यात भरल्यासारखं यायचं. "यल्ला बेटा, उठो, सूर्य डोक्यावर आला," ही माझी रोजची सकाळ. घरात खिडकीतला एसी अखंड खडखडायचा आणि तो बंद झाला तरच आम्ही दचकायचो. शेजारच्या फ्लॅटमध्ये गावाकडची एकटी राहणारी माणसं होती. त्यांचा कुकर शिट्ट्या द्यायला लागला की अम्मी ऐकूनच सांगायची की आज डाळ आहे का मटण. बाहेर मेट्रोच्या खांबांसाठी खणायला नुकती सुरुवात झाली होती. जमीन धडधडली की अम्मीच्या भांड्यांचा स्टँड हलका हलका वाजायचा, आणि माझी धाकटी बहीण नाझ तेव्हापासूनच इंग्रजीत तक्रार करायची.

अम्मी रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातली. शाळेत असताना ती कबड्डी खेळायची, डाव्या कोपऱ्यात. लग्न झालं, खेळ सुटला. तिने त्याबद्दल कधी हळहळ दाखवली नाही, पण भाकरी थापताना तिचे पाय कसे रोवलेले असत ते पाहिलं की कळायचं. अब्बांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या पटांगणात, एका दांडग्या मुलीचा घोटा धरून तिला लोळवताना. "त्याच दिवशी मी घरी सांगितलं, हीच," असं अब्बा पाहुण्यांना सांगायचे, आणि अम्मी किचनमधून ओरडायची, "खोटं सांगू नका, यांनी आधी माझ्या बहिणीबद्दल विचारलं होतं."

मला लहानपणापासून एक खोड होती. काहीही दिसलं की ते तसं का आहे हे विचारल्याशिवाय चैन पडत नसे. अब्बा म्हणायचे, हा पोरगा प्रश्न विचारून माणूस आडवा करतो. शेजारच्या अल मनखूल वस्तीच्या पलीकडे एक रेताड मैदान होतं. आम्ही तिथे एका बाजूला क्रिकेट खेळायचो आणि दुसऱ्या बाजूला हेल्मेट घातलेली, खांदे फुगवलेली मुलं एकमेकांना धडका देत असायची. एकदा त्यांचा चेंडू आमच्याकडे आला. दोन्ही टोकांना निमुळता, पिकत घातलेल्या पपईएवढा. तो उसळून कुठे जाईल याचा काही भरवसाच नव्हता. मी त्याच्यामागे वेड्यासारखा नाचलो. शेवटी धरला, पण परत फेकला नाही. चालत जाऊन मी त्या मुलांच्या मॅनेजरला विचारलं, "हा गोल का नाही?"

तो डॅरल. दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा माणूस. अमेरिकेत तो व्यावसायिक फुटबॉल खेळलेला होता, बचावाच्या फळीत, सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा गडी म्हणून. या जागेला सेफ्टी म्हणतात. खेळणं संपल्यावर तो संघाच्या ऑफिसात गेला, म्हणजे कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, हे ठरवणाऱ्यांत, आणि तिथून दुबईतल्या एका स्पोर्ट्‌स सेंटरने त्याला क्लब उभा करायला आणलं होतं. त्याच्या उजव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांशी फटकून, बाहेरच्या बाजूला वळलेली होती. मी चेंडूचं उत्तर मिळायच्या आत करंगळीचं विचारलं. तो मोठ्यांदा हसला. सर म्हटलेलं त्याला आवडत नसे, म्हणून मी त्याला डॅरल म्हणायला लागलो, आणि तो मला 'मिस्टर व्हाय' म्हणायला लागला.

डॅरलची एक अडचण होती. त्याच्याकडे येणारी सगळी मुलं अमेरिकन शाळांतली; वडिलांची बदली झाली की निघून जायची. त्याला इथे मुरलेल्या घरांतली मुलं हवी होती. तो करामातल्या इमारतींमध्ये दारोदार फिरला. प्रत्येक दारात हसून बोलायचा, माहितीचा कागद द्यायचा, "तुमचा वेळ घेत नाही" म्हणायचा आणि प्रत्येक दारातून तितक्याच हसून परत पाठवला जायचा. आमच्या बिल्डिंगमधून त्याला मिळालेला मी एकटाच, आणि तोही त्याच्यामुळे नाही. मी अम्मीला सांगितलं की हा पकडण्याचा खेळ आहे. समोरचा चेंडू घेऊन पळतो, आपण त्याला धरून पाडायचं. अम्मीने हातातलं पीठ झटकलं. म्हणाली, "मग त्यात विचारायचं काय?"

त्या संध्याकाळपासून बोळात तालीम सुरू झाली. नाझ चढाईला, मी बचावाला, आणि अम्मी किचनच्या उंबऱ्याशी, हातात उलथनं. मी नाझवर झेपावलो की अम्मी ओरडायची, "घाई कशाला? आत येऊ दे!" कबड्डीत चढाईला आलेल्याला परत आपल्या अंगणात जायचं असतं. तो जितका खोल आत येईल तितकी त्याची परतीची वाट लांब. कोपऱ्यातल्या गड्याने म्हणून वाट पाहायची, मागे सरकायचं, त्याला वाटू द्यायचं की मैदान मोकळं आहे, आणि त्याने पाऊल टाकलं की घोटा. "एकदा धरला की सोडायचा नाही. नाक घासलं तरी सोडायचा नाही." नाझ कंटाळून म्हणायची, "धिस इज सो अनफेअर, आय ऑल्वेज गेट कॉट." ती पकडली जायची कारण ती आत यायची. मला ते फार आवडायचं. एखादी गोष्ट उलटी करून पाहिली की ती उघडते, असं काहीतरी त्या वयात मला वाटून गेलं होतं.

बारावीचं वर्ष संपत आलं तसं घरातलं बोलणं कमी झालं. तेव्हा मुलगा अठराचा झाला की बापाच्या व्हिसावर राहता येत नसे. कॉलेज किंवा नोकरी, नाहीतर गाव. इथलं कॉलेज आम्हाला झेपणारं नव्हतं. रत्नागिरीहून मोठ्या चाचांचा निरोप आलेला होता की साजिदला पाठवा, कलमांच्या बागेत घरचा माणूस हवाच आहे. चाचा मायाळू होते, बागही देखणी होती. पण मी करामात जन्मलो होतो. गाव मला सुट्टीतला माहीत होता. अम्मी माझे कपडे इस्त्री करून वेगळे ठेवायला लागली होती आणि मी ते पाहिल्याचं तिला कळू देत नव्हतो.

डॅरलला हे समजलं तेव्हा त्याने सांगितलं की सेंटरच्या मालकांना लहान मुलांसाठी एक असिस्टंट कोच हवा आहे. इथलाच, हिंदी-इंग्रजी बोलणारा. नोकरी आणि व्हिसा. अबू धाबीच्या संघाशी सामना होता, तो पाहायला मालक स्वतः येणार होते. "खेळून दाखव," डॅरल म्हणाला. "बाकीचं मी बोलतो."

सामन्याला अब्बा, अम्मी आणि नाझ तिघंही आले. अम्मीने काळा अबाया घातला होता आणि पिशवीत घावन आणले होते, का ते तिलाच ठाऊक. खेळ तिला पहिल्यांदाच दिसत होता. मी मैदानातून पाहायचो तर ती प्रत्येक धडकेला मान वळवून अब्बांना काहीतरी विचारत असायची आणि अब्बा ठामपणे चुकीचं काहीतरी सांगत असणार. आमचा खेळ चांगला चालला होता. मी दोन-तीन जणांना पाडलं, डॅरलने बाजूने मूठ वर केली. सेंटरचे मालक पांढऱ्या कंदुऱ्यात, म्हणजे पायघोळ अरबी झग्यात, हाताची घडी घालून पाहत होते.

शेवटी आम्ही थोड्या गुणांनी पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे, आमच्या रेषेच्या अगदी जवळ. शेवटचा डाव. या खेळात चेंडू घेतलेला माणूस रेषेपलीकडे पोचला की गुण त्यांचे. म्हणून शेवटच्या गड्याने पुढे धावून जायचं असतं, रेषेच्या अलीकडेच त्याला अडवायचं असतं. एक फूटही द्यायचा नाही. डॅरलने हे मला शंभरदा सांगितलं होतं आणि मला पाठही होतं. त्यांचा धावणारा आमची फळी फोडून सुटला. त्याच्या आणि रेषेच्या मधे फक्त मी.

मी मागे सरकलो.

मी ठरवून सरकलो नाही. पाय सरकले. डावीकडे त्याला वाट दिली, त्याला वाटलं मैदान मोकळं आहे, त्याने पाऊल टाकलं आणि मी घोटा धरला. अशी पकड मी आयुष्यात त्याआधी केली नव्हती आणि नंतरही नाही. तो झाडासारखा आडवा आला. फक्त तो पडला तो रेषेच्या पलीकडे, चेंडू पोटाशी धरून.

त्यांची मुलं नाचायला लागली. आमची जमिनीवर बसली. आणि त्या सगळ्या आवाजात मला एक वेगळा आवाज ऐकू आला. अम्मी उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत होती. आमच्या बाजूला टाळ्या वाजवणारी ती एकटीच. "शाब्बास रे माझ्या राजा! असाच धरायचा!" तिच्या खेळात आम्ही जिंकलो होतो. अब्बांनी तिची बाही ओढली, तिच्या कानाशी काही सांगितलं, आणि तिचे हात तसेच हवेत थांबले. मला हरल्याचं जितकं लागलं नाही तितकं ते थांबलेले हात पाहून लागलं. मालक उठून गाडीकडे निघाले होते. परतीच्या वाटेवर अब्बा एवढंच म्हणाले, "खलास." मग घराजवळ आल्यावर, "चाचांना फोन करतो." घावन तसेच घरी परत आले आणि ते कोणी खाल्ले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही जेवायच्या तयारीत असताना दाराची बेल वाजली. दारात डॅरल. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. तो काय सांगायला आला आहे हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. तो बोळाच्या तोंडाशी उभा राहूनच म्हणाला, "आय वोन्ट टेक मच ऑफ युअर टाइम."

अम्मी किचनमधून आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण उंबऱ्याबाहेर उभा असलेला माणूस तिला कळत होता. "त्यांना म्हणावं आत या."

"अम्मी, ते म्हणतात दोनच मिनिटं..."

"दोन मिनिटं उभ्याने कशाला घालवायची? आत या म्हण."

डॅरलने बूट काढले. ते चपलांच्या रॅकमध्ये मावेनात, म्हणून अब्बांनी ते तांदळाच्या गोणीशेजारी ठेवले. तो बाहेरच्या खोलीत आला. अम्मीने सरबत दिलं. त्याने घसा साफ केला, "सो, साजिद...", तेवढ्यात अम्मीने दस्तरखान अंथरलं. आमच्याकडे जेवणाआधी पाहुण्याला कामाचं विचारत नाहीत आणि त्यालाही बोलू देत नाहीत. ते वाईट दिसतं. सुरमई तळलेली होती, कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि शुक्रवार म्हणून सांदण. डॅरलचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून आम्ही सगळे खाली आणि तो प्लास्टिकच्या स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन, आमच्या डोक्यांच्या वर. त्या वाकड्या करंगळीमुळे त्याला काटे काढता येईनात. अम्मीने त्याचं ताट घेतलं, काटे काढले, परत दिलं. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग जेवला. सांदण त्याने तीनदा घेतलं.

हात धुऊन तो परत स्टुलावर बसला तेव्हा त्याने भलतंच विचारलं. "मिस्टर व्हाय, आज एक प्रश्न माझा. तुझ्या आईने टाळ्या का वाजवल्या?"

मी त्याला कबड्डी सांगायला लागलो. शब्दांत ते काही नीट येईना. डॅरल पुढे झुकला, एकेक गोष्ट खोदून विचारायला लागला. श्वास कधी सोडायचा? किती आत? परत कुठून जायचं? मला पहिल्यांदाच माझ्यासारखा माणूस भेटल्यासारखं वाटलं. शेवटी तो म्हणाला, "शो मी."

अब्बांनी टीपॉय सरकवला. मी बचावाला उभा राहणार इतक्यात अम्मी म्हणाली, "तू नाही. तू चढाईला ये." तिने दुपट्टा कमरेला खोचला. इतक्या वर्षांत मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. मी "कबड्डी, कबड्डी" करत तिच्या दिशेने गेलो, ती मागे सरकली, अजून मागे, सोफ्यापाशी मोकळी जागा दिसली म्हणून मी पाय टाकला आणि पुढच्या क्षणी माझा गाल गालिच्यावर होता. नाझने किंचाळून टाळ्या वाजवल्या. डॅरल स्टुलावरून उतरून थेट जमिनीवर बसला, अम्मीची बोटं माझ्या घोट्यावर कशी बसली आहेत ते पाहायला. "अगेन," तो म्हणाला. मी पुन्हा पडलो. अम्मीचा चेहरा लाल झाला होता आणि ती अब्बांकडे अजिबात पाहत नव्हती, अब्बा मात्र फक्त तिच्याकडेच पाहत होते.

मग डॅरलने शर्ट सारखा केला. जमिनीवर बसल्या बसल्याच तो मला म्हणाला, "मी ज्यासाठी आलो ते सांगायला हवं. तुझ्या आईला माझं बोलणं सांग."

तो थांबून थांबून बोलत गेला आणि मी मराठीत सांगत गेलो. मालक म्हणाले की मुलगा मेहनती आहे. पण ज्याचे पाय ऐन वेळी चुकीचा खेळ खेळतात त्याला लहान मुलं शिकवायला देता येणार नाहीत. कोचची नोकरी साजिदला मिळणार नाही. माझ्या नकाराचं भाषांतर मलाच करायचं होतं. मी एकही शब्द गाळला नाही. अब्बांना इंग्रजी समजत होतं; ते गालिच्याची किनार सरळ करत बसले.

अम्मीने ऐकून घेतलं. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. मला रडू येईल असं वाटलं. मग ती म्हणाली, "पण एवढं सांगायला ते स्वतः का आले? फोन होता की."

मी विचारलं. डॅरल आपल्या पायांकडे पाहत म्हणाला की अमेरिकेत संघातली माणसं कमी करायच्या दिवसात सकाळी नाश्त्याआधी एक तरुण कॉरिडॉरमध्ये उभा असायचा. तो ज्याला हाक मारेल त्याने सामान घेऊन वर जायचं. एके सकाळी त्याने डॅरलला हाक मारली. खेळ संपला. पुढच्या वर्षी संघाने डॅरलला बोलावून ऑफिसात नोकरी दिली, आणि ती नोकरी तीच होती, कॉरिडॉरमध्ये उभं राहून हाक मारायची. त्याच्या ऑफिसातल्या सगळ्या कारकिर्दीची सुरुवात तिथून झाली. "मोठी मोठी मुलं," तो म्हणाला, "उपाशी पोटी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो नाही." दुबईला आल्यावर त्याने ठरवलं होतं की नाही सांगायचं तर त्याच्या घरी जाऊन.

हे मी अम्मीला सांगितलं तेव्हा तिने त्याच्या पेल्यात आणखी सरबत ओतलं. मग तिने विचारलं, "आपल्या बिल्डिंगीत हे मुलं मागायला फिरले होते. कोणाकडे पाणी प्यायले का विचार."

कोणाकडेच नाही, डॅरल म्हणाला. लोकांना उगाच त्रास नको म्हणून.

"मग कोण आपला मुलगा देईल?" अम्मी म्हणाली. "आमच्या घरचं पाणीसुद्धा ज्याने घेतलं नाही, त्याच्या हाती पोराची हाडं द्यायची? दारात उभं राहून विचारतात, म्हणून लोक दारातूनच नाही म्हणतात. आत यायला हवं. आत आलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं."

मी हे इंग्रजीत सांगितलं. डॅरलने मान वर केली आणि आमच्या खोलीकडे पाहिलं. दस्तरखानाकडे, रिकाम्या ताटांकडे, स्वतःच्या पसरलेल्या पायांकडे. तो कुठवर आत आला आहे हे बहुधा त्याला त्या क्षणी दिसलं. मग तो हसायला लागला, इतका की एसीचा खडखडाट ऐकू येईना. "शी गॉट मी," तो म्हणाला.

हसू ओसरल्यावर तो माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलला. त्याला ऑफिसात एक माणूस हवा होता जो या घरांत जाऊ शकेल, बसू शकेल, जेवू शकेल, आई-बापांच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या भाषेत देऊ शकेल. त्यासाठी मालकांशी बोलायला तो तयार होता, आणि या वेळी त्याला स्वतःची खात्री होती. पण एक अट होती. ऑफिसात आलास की खेळणं बंद. उद्या ज्याला तू नाही सांगणार त्याच्या शेजारी उभा राहून तुला खेळता येणार नाही. खेळाडू म्हणून ठेवून घेणं त्याच्या हातात होतं, पण खेळाडूला व्हिसा नव्हता.

मी अठरा वर्षांचा होतो. हेल्मेटच्या आतला घामाचा वास, डाव सुरू होण्याआधीची ती शांतता, हे मला हवं होतं. अजूनही कधी कधी मैदानाकडेने चालताना पाय आपोआप रुंद होतात आणि मी इकडेतिकडे बघून ते जवळ घेतो. पण त्या दुपारी इस्त्री करून वेगळे ठेवलेले कपडे आतल्या खोलीत होते आणि अम्मीने श्वास रोखून धरला होता. मी हो म्हणालो.

डॅरल उठायला गेला आणि त्याला उठता येईना. गुडघ्यांनी साथ सोडली होती. अब्बांनी एक हात धरला, मी दुसरा, तरी तो जागचा हलेना. नाझ मागून ढकलत होती. अम्मी कमरेचा दुपट्टा सोडत म्हणाली, "सांगितलं होतं ना, खोल आत आला की परतीची वाट लांब." हे मात्र मी त्याला भाषांतर करून सांगितलं नाही.

मालकांनी महिनाभर विचार केला आणि परवानगी दिली. मी डॅरलचा मदतनीस झालो आणि आम्ही दोघं मिळून करामातल्या बहुतेक घरांत जेवलो. मुलं यायला लागली, आधी करामातून, मग बाकी शहरातून. काही वर्षांनी डॅरल अमेरिकेला परत गेला. जाताना त्याने आपल्या टेबलाची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि करंगळी दाखवून म्हणाला, आता तरी सांगतो, कशी मोडली. मी म्हटलं, राहू दे, एखादा प्रश्न शिल्लक असावा. अजून तो फोनवर पहिली चौकशी अम्मीची करतो. ती फोन घेते आणि मराठीत बोलते, तो इंग्रजीत, आणि दोघांचं उत्तम चालतं.

आमच्या क्लबमध्ये कोणालाही ईमेलने किंवा मेसेजने काढत नाहीत. नव्या लोकांना हे जुनाट वाटतं. एकाने मला समजावलं की सर, एचआरच्या दृष्टीने हे रिस्की आहे. असेल. मी घरी जातो. बूट काढतो, आत बसतो, समोर येईल ते खातो आणि मग सांगतो. कधी कधी खाता खाता मुलाची आई अशी काही गोष्ट बोलून जाते की मी ज्यासाठी आलो ते न सांगताच उठतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोचेसच्या शिव्या खातो. असे दोन बचावपटू आज माझ्या संघात आहेत, आणि ते चांगले आहेत.

गेल्या शुक्रवारी मला शहराच्या टोकाला, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत जायचं होतं. सोळा वर्षांचा मुलगा, धावायला जोरदार, पण त्याच्या जागेवर त्याच्याहून चांगला आलेला. त्याला आणि त्याच्या घरच्यांना सांगायचं होतं. अम्मी आता आमच्याकडेच असते. एक गुडघा गेला आहे, पण किचनचा ताबा सोडलेला नाही. तिने मला जेवायला वाढलं, सुरमईचा मोठा तुकडा, दोन भाकऱ्या. मी पहिला घास मोडला तेवढ्यात तिने विचारलं, "घड्याळ का बघतोस? कुठे निघालास?"

मी सांगितलं.

ती भिंतीला धरून उठली, माझ्यासमोरचं ताट उचललं आणि झाकून ठेवलं. "मग इथे कशाला जेवतोस?" ती म्हणाली. "भुकेला जा."